बुसांगचे सोने

जिच्या मालकीची एकही खाण नाही, जिची ड्रिल यंत्रे भाड्याची आहेत आणि जिची कचेरी मालकाच्या घराच्या तळघरात आहे, अशी खाणकंपनी असू शकते, हे आपल्याकडच्या वाचकाला चटकन पटणार नाही. आपल्याकडे जमिनीखाली काय आहे याचा शोध घेण्याचे काम मुख्यतः सरकारी खात्यांनी केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नकाशे करायचे, सरकारी महामंडळाने भोके पाडायची आणि मग कोणी तरी खाण चालवायची. कॅनडात, आणि थोड्याफार फरकाने ऑस्ट्रेलियात, हे काम हजारो लहान खासगी कंपन्या करतात. तिथे त्यांना ‘ज्युनियर’ म्हणतात. ज्युनियर कंपनीला विक्रीचे उत्पन्न नसते. ती लोकांना शेअर विकून पैसा उभा करते, त्या पैशातून एखाद्या डोंगरात भोके पाडते आणि वर आलेल्या खडकात किती सोने, तांबे, जस्त किंवा निकेल सापडले ते जाहीर करते. आकडा चांगला असला की शेअर वर जातो. वरच्या भावाने आणखी शेअर विकायचे, आणखी भोके पाडायची. साठा खरोखर मोठा निघाला तर बडी कंपनी येऊन सगळे विकत घेते. खाण काढण्याची वेळ ज्युनियरवर बहुधा येतच नाही.

अशा हजार ठिकाणी खणले तर एखाद्या ठिकाणी खाण होते, असे त्या धंद्यातले लोक म्हणतात. तरीही लोक पैसे घालतात, आणि ते सगळेच जुगारी असतात असे मी म्हणणार नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात घडलेल्या दोन गोष्टी पाहिल्या तर त्यांचे वागणे समजू शकते. १९९१ मध्ये डाया मेट या ज्युनियर कंपनीच्या चक फिप्की आणि स्ट्युअर्ट ब्लुसन यांनी उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशात, लाक द ग्रा या सरोवराजवळ, हिरे शोधून काढले. कॅनडात हिरे आहेत यावर तोवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. दोनच वर्षांनी लॅब्रडॉरच्या किनाऱ्यावर अल्बर्ट चिस्लेट आणि ख्रिस व्हर्बिस्की हे दोघे डायमंड फील्ड्स रिसोर्सेस या ज्युनियर कंपनीसाठी हिरेच शोधत फिरत होते. त्यांना तांबूस गंज चढलेली एक टेकडी दिसली. तिच्याखाली हिरे नव्हते, पण निकेल, तांबे आणि कोबाल्ट यांचा प्रचंड साठा होता. व्हॉइसीज बे म्हणून तो प्रसिद्ध आहे. इन्को या बलाढ्य निकेल कंपनीने १९९६ मध्ये त्यासाठी ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलर मोजले. काही डॉलरना घेतलेल्या शेअरवर घरे बांधलेली माणसे शेजारीपाजारी दिसू लागली. पुढच्या ज्युनियर कंपनीकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, हे त्यावरून कळते.

ती पुढची कंपनी म्हणजे ब्रे-एक्स मिनरल्स.

ब्रे-एक्सचा संस्थापक डेव्हिड वॉल्श हा माँट्रियलचा शेअरदलाल. तो तेलाच्या कॅल्गरी शहरात स्थायिक झाला आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याने ही कंपनी काढली. लाक द ग्राच्या हिऱ्यांच्या लाटेत त्यानेही हात मारून पाहिला, पण हाती काही लागले नाही. ब्रे-एक्सचा शेअर अल्बर्टाच्या बाजारात काही सेंटांना मिळत होता आणि वॉल्शने स्वतः दिवाळखोरी जाहीर केली होती. १९९३च्या वसंतात उरलेसुरले पैसे घेऊन तो जकार्ताला गेला आणि जॉन फेल्डरहॉफ या ओळखीच्या भूवैज्ञानिकाला भेटला. फेल्डरहॉफचे नाव लहान नव्हते. पापुआ न्यू गिनीतला ओक टेडी हा तांबे-सोन्याचा जगप्रसिद्ध साठा १९६८ मध्ये ज्या दोघा भूवैज्ञानिकांनी शोधला त्यांतला तो एक. पण तेही पंचवीस वर्षांपूर्वीचे, आणि आता त्याचेही दिवस पालटले होते. त्याने वॉल्शला बोर्निओ बेटावरच्या पूर्व कालिमंतान प्रांतातले बुसांग सुचवले. महाकाम नदीच्या खोऱ्यातला हा जंगलभाग. एका ऑस्ट्रेलियन गटाने तिथे आधी भोके पाडून पाहिली होती आणि काढता पाय घेतला होता. सुमारे ८०,००० अमेरिकन डॉलरना हक्क मिळाले. जागेवरच्या कामाची सूत्रे मायकेल द गुझमान या फिलिपिनो भूवैज्ञानिकाकडे आली.

पहिली भोके कोरडी गेली. १९९३ संपत आले, पैसेही संपत आले. काम आवरते घेण्याच्या बेतात असतानाच पुढच्या भोकात सोने लागले, आणि त्यानंतर ते लागतच राहिले.

बुसांगचा साठा १९९६च्या सुरुवातीला ३ कोटी औंस सांगितला जात होता. वर्षअखेर तो ५ कोटी ७० लाखांच्या आसपास गेला आणि १९९७च्या फेब्रुवारीत ७ कोटी १० लाखांवर पोहोचला. सोन्याचा एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, साधारण पावणेतीन तोळे. म्हणजे ७ कोटी १० लाख औंस हे सुमारे २,२०० टन झाले. कोलारच्या खाणींतून १२० वर्षांत जेमतेम ८०० टन सोने निघाले, तीन किलोमीटरपेक्षा खोल उतरून, कित्येक पिढ्यांच्या फुप्फुसांची किंमत देऊन. बुसांगला त्याच्या जवळजवळ तिप्पट सोने तीन वर्षांत सापडले होते आणि तेही वरवर, उघड्या खाणीने काढता येईल असे. फेल्डरहॉफ तर २० कोटी औंसांची भाषा बोलू लागला होता. काही सेंटांचा शेअर मे १९९६ मध्ये २८० डॉलरच्या वर गेला. मग एकाचे दहा केले गेले. कंपनीचे बाजारमूल्य सुमारे ६ अब्ज कॅनेडियन डॉलर झाले. तळघरातली कंपनी टोरांटोच्या मुख्य निर्देशांकात जाऊन बसली, आणि मग निर्देशांकाबरहुकूम पैसे गुंतवणाऱ्या निवृत्तिवेतन निधींना तो शेअर घेणे भागच पडले.

यापुढची गोष्ट बहुतेक ठिकाणी राजकारणाची म्हणून सांगितली जाते. ती रंगतदार आहे यात शंका नाही, पण मी ती थोडक्यात आटोपतो. एवढे सोने एका कंगाल कॅनेडियनाच्या हाती राहणे सुहार्तो राजवटीत शक्य नव्हते. बॅरिक या बड्या सोने कंपनीने राष्ट्राध्यक्षांच्या थोरल्या मुलीशी संधान बांधले, तर ब्रे-एक्सने थोरल्या मुलाशी. बॅरिकच्या बाजूने अमेरिकेचे माजी अध्यक्ष थोरले बुश यांचेही वजन वापरले गेले. अखेर सुहार्तोंचे गोल्फमधले सोबती, लाकूडसम्राट बॉब हसन यांनी १७ फेब्रुवारी १९९७ला वाटणी ठरवली. ब्रे-एक्सला ४५ टक्के, हसन यांच्या ताब्यातल्या नुसांबा गटाला ३० टक्के, इंडोनेशियाच्या सरकारला १० टक्के, आणि खाण चालवण्याची जबाबदारी घेणाऱ्या फ्रीपोर्ट-मॅकमोरान या अमेरिकी कंपनीला १५ टक्के. इतकी थोर मंडळी हिश्शासाठी भांडत आहेत म्हटल्यावर खाली सोने असलेच पाहिजे, हा सामान्य गुंतवणूकदाराचा तर्क होता. थोर मंडळींचा तर्कही फार वेगळा नव्हता. बाजार इतका चढला आहे, तर कोणी तरी तपासले असेलच.

हे ‘कोणी तरी’ नेमके कोण, हाच माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा आहे. गाभा हा शब्दही इथे अक्षरशः लागू पडतो. हिऱ्याच्या दातांचे पोकळ ड्रिल खडकात घातले की आतून दंडगोलासारखा लांबलचक तुकडा वर येतो. त्याला कोअर किंवा गाभा म्हणतात. तो पेटीत क्रमाने रचतात. मग करवतीने उभा चिरून त्याचे दोन भाग करतात. एक भाग पिशवीत भरून प्रयोगशाळेत जातो आणि दळून, वितळवून त्याचा कस काढला जातो. दुसरा भाग पेटीतच राहतो. उद्या कोणी शंका घेतली तर हा राहिलेला अर्धा भाग म्हणजे साक्षीदार. सोनाराने दागिना आटवण्यापूर्वी त्याचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावा, तसा हा प्रकार.

बुसांगमध्ये गाभा उभा चिरला जात नव्हता. दर मीटरमागे सुमारे १० सेंटिमीटरचा तुकडा नमुन्यादाखल बाजूला ठेवायचा आणि बाकी सगळा पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचा, अशी पद्धत होती. तिचे दिलेले कारण खोटे म्हणता येत नाही. खडकात सोन्याचे कण जाडसर आणि विरळ विखुरलेले असतील, तर अर्ध्या भागात कण येतील आणि दुसऱ्यात येणार नाहीत. मोठा नमुना घेतला की आकडा अधिक खरा येतो. पुस्तकात हे लिहिलेले आहे. फसवणूक टिकायची असेल तर तिला असे शास्त्रीय आणि अर्धे खरे कारण लागते. कोणी विचारले तर उत्तर तयार होते, आणि उत्तर मिळाल्यावर विचारणारा गप्प बसत होता.

पिशव्या जंगलातून नदीमार्गे समरिंडा शहराकडे यायच्या. तिथे कंपनीच्या गोदामात त्या पडून राहायच्या आणि मग बालिकपापनच्या प्रयोगशाळेत जायच्या. प्रयोगशाळा प्रामाणिक होती. पिशवीत जे होते, त्याचा तिने बरोबर कस काढला. खात्री करून घेण्यासाठी काही नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवले जात. तिथेही तेच आकडे येत, कारण नमुना तोच, त्याच पिशवीतला. साठ्याचे गणित करणाऱ्या किलबॉर्न या सल्लागार कंपनीने ब्रे-एक्सने दिलेले आकडे घेऊन चोख गणित केले. किलबॉर्नचा अहवाल वाचून दलाली पेढ्यांच्या विश्लेषकांनी लिहिले. विश्लेषकांचे वाचून निधींनी शेअर घेतले. जे. पी. मॉर्गन ही बँक ब्रे-एक्सची सल्लागार झाली. प्रत्येकाने आपल्या अलीकडच्याचा कागद खरा मानला. या सगळ्या साखळीत स्वतः भोक पाडून पाहिलेला कोणी नव्हता. कितीतरी पाहुणे हेलिकॉप्टरने छावणीत जाऊन आले, पेट्यांपुढे उभे राहिले. गाभ्यात डोळ्यांना सोने दिसत नव्हते. पण डोळ्यांना न दिसणारे सोनेही असते, हेही पुस्तकात लिहिलेले आहेच.

दसऱ्याला आपण एकमेकांना आपट्याची पाने देतो आणि ‘सोने घ्या’ म्हणतो. ती पाने आहेत हे दोघांनाही ठाऊक असते, म्हणून त्यात कोणी फसत नाही.

सूचना देणाऱ्या खुणा नव्हत्या असे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या सोन्याच्या कणांच्या कडा गोलसर आढळल्याची नोंद कंपनीच्याच सल्लागारांच्या अहवालात होती. खडकात जन्मलेल्या सोन्याचे कण खडबडीत, फाटक्या कडांचे असतात. गोटा गोल होतो तो नदीत घरंगळून. शिवाय नदीत फार काळ राहिलेल्या सोन्याच्या कडेची चांदी विरघळून जाते आणि कणाभोवती शुद्ध सोन्याची कड तयार होते. दुसरी खूण धातुशास्त्रज्ञांच्या चाचणीत होती. बुसांगच्या नमुन्यातले जवळजवळ सगळे सोने नुसत्या वजनाच्या फरकाने, म्हणजे रेती धुऊन वेगळी करावी तसे, वेगळे होत होते. कंपनीने ही बातमी आनंदाने जाहीर केली, कारण असे सोने काढायला खर्च कमी. तीच बातमी उलट बाजूने वाचली असती, तर हे सोने नदीच्या वाळूतल्या सोन्यासारखे का वागते, असा प्रश्न पडायला हवा होता.

कालिमंतानच्या नद्यांत स्थानिक दायाक लोक पिढ्यान् पिढ्या रेती धुऊन सोन्याचे कण काढत आले आहेत. हे सोने विकत मिळते. पुढच्या तपासाचा रोख असा होता की, असेच नदीतले सोने समरिंडाजवळच्या गोदामात पिशव्या उघडून दळलेल्या खडकात मिसळले जात होते, आणि तेही बेतशीर, जिथे जितके दिसायला हवे तिथे तितकेच. ज्या भोकाच्या आसपास साठा ‘श्रीमंत’ होता तिथे जास्त, कडेला कमी. भूगर्भाचा विश्वास बसेल असा नकाशा आधी कोणाच्या तरी डोक्यात तयार झाला आणि मग पिशव्यांत उतरला. यासाठी जे ज्ञान लागते ते पट्टीच्या भूवैज्ञानिकाचेच.

किती सोने लागले असेल? मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. बुसांगचा कस टनाला साधारण २ ग्रॅम धरला, तर १० किलोच्या पिशवीत २० मिलिग्रॅम सोने लागते. दहा हजार पिशव्यांना २०० ग्रॅम, म्हणजे सतरा-अठरा तोळे. पिशव्या त्याहून जास्त होत्या, शिवाय सांडलवंड झाली असेल, म्हणून त्याच्या काही पट धरू. तरीही एखाद्या सधन घरातल्या लग्नांच्या दागिन्यांपलीकडे हा आकडा जात नाही. तेवढ्यावर सहा अब्ज डॉलर उभे राहिले होते. बुसांगच्या सगळ्या कथेत खरे सोने होते ते एवढेच, नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून कोणी तरी धुऊन काढलेले.

जानेवारी १९९७ मध्ये बुसांगच्या छावणीत आग लागली आणि बऱ्याच नोंदी जळाल्या. मार्च उजाडला. टोरांटोच्या खाणउद्योग अधिवेशनात फेल्डरहॉफला वर्षाचा सर्वोत्तम शोधक म्हणून गौरवण्यात आले. नेमक्या त्याच दिवसांत फ्रीपोर्टची माणसे बुसांगमध्ये आपली स्वतःची भोके पाडत होती. खाण चालवण्याचा खर्च त्यांच्या माथी येणार होता, म्हणून त्यांनी आधी कोणी न केलेली साधी गोष्ट केली. ब्रे-एक्सच्या भोकांच्या शेजारी, दीडेक मीटरवर, सात जोडभोके पाडली, गाभा स्वतःच्या ताब्यात ठेवला आणि कस स्वतः काढून घेतला. सोने जवळजवळ शून्य निघाले. द गुझमानला खुलासा करण्यासाठी टोरांटोहून बुसांगला बोलावण्यात आले. १९ मार्चला समरिंडाहून निघालेल्या हेलिकॉप्टरमधून तो काही शे फुटांवरून खाली पडला. चार दिवसांनी जंगलात मिळालेले प्रेत ओळखू येण्यासारखे उरले नव्हते. त्याने लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरून ही आत्महत्या ठरवली गेली. खून झाला, किंवा तो मेलाच नाही, अशा अफवा पुढे बरीच वर्षे फिरत राहिल्या. त्या अफवांवर जितकी पाने खर्च झाली, तितकी १० सेंटिमीटरच्या तुकड्यावर झाली नाहीत.

२६ मार्चला फ्रीपोर्टने निष्कर्ष जाहीर केला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच ब्रे-एक्सचा शेअर साडेपंधरा डॉलरवरून अडीचपर्यंत कोसळला. विक्रीच्या लोंढ्याने टोरांटो शेअरबाजाराची संगणकयंत्रणा बंद पडली. सुमारे ३ अब्ज कॅनेडियन डॉलर एका दिवसात गेले. कंपनीने हार मानली नाही. फ्रीपोर्टचीच चूक आहे असे म्हणत तिने स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार कंपनीला नेमले. ग्रॅहम फार्क्वर्सन हे तिचे प्रमुख. त्यांनी नवी भोके पाडली, गाभा करवतीने उभा चिरला, पिशव्यांवर पहारा ठेवला आणि त्या ऑस्ट्रेलियात कस तपासणीला पाठवल्या. ४ मे १९९७ला त्यांचे मत जाहीर झाले. बुसांगमध्ये काढण्याजोगे सोने नाही, आणि नमुन्यांत इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतका काळ आणि इतक्या नेमकेपणाने केलेली भेसळ खाणकामाच्या इतिहासात आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांनी म्हटले.

हानी कोणाची झाली? ओंटारिओच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीचे सुमारे १० कोटी डॉलर बुडाले, क्वेबेकच्या सार्वजनिक निधीचे ७ कोटी, ओंटारिओच्या पालिका कर्मचाऱ्यांच्या निधीचे साडेचार कोटी. आपण ब्रे-एक्सचे भागीदार होतो हे त्यातल्या बहुतेक शिक्षकांना आणि कारकुनांना नंतरच कळले. अल्बर्टातल्या सेंट पॉल या छोट्या गावात सुरुवातीलाच शेअर घेतलेली बरीच माणसे होती. ज्यांनी वेळेवर विकले ते श्रीमंत झाले. ज्यांनी निष्ठेने धरून ठेवले त्यांच्या हाती कागद उरले. वॉल्श, फेल्डरहॉफ यांनी कोसळण्यापूर्वीच कोट्यवधी डॉलरचे शेअर विकले होते.

न्यायाची बाजू सांगायला फार वेळ लागत नाही. वॉल्श बहामात राहत होता. आपणही फसवले गेलो असे म्हणत तो जून १९९८ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने वारला. कॅनडाच्या पोलिसांनी १९९९ मध्ये कोणावरही आरोप न ठेवता तपास बंद केला. ओंटारिओच्या शेअरबाजार नियंत्रकांनी फेल्डरहॉफवर आतल्या माहितीवरून शेअर विकल्याचा आणि दिशाभूल करणारी निवेदने काढल्याचा खटला भरला. तो रखडत चालला आणि ३१ जुलै २००७ला त्याची सर्व आरोपांतून सुटका झाली. त्या निकालावर तेव्हा कॅनडात बरीच आगपाखड झाली, पण मला तो निकाल चमत्कारिक वाटत नाही. धोक्याच्या खुणा मागाहून स्पष्ट दिसतात, हे खरे. पण ज्या खुणा इतक्या बँका, सल्लागार आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांना वेळीच दिसल्या नाहीत, त्या एकट्या फेल्डरहॉफला दिसायलाच हव्या होत्या, असे न्यायालयात सिद्ध करायचे कसे? त्याला खरोखर काही ठाऊक नव्हते का, हे त्याच्याबरोबर गेले. तो ऑक्टोबर २०१९ मध्ये वारला.

नियम मात्र बदलले. १ फेब्रुवारी २००१ पासून कॅनडात एनआय ४३-१०१ ही नियमावली लागू झाली. जमिनीखालच्या साठ्याचा कोणताही आकडा जाहीर करायचा तर त्यामागे एका पात्र भूवैज्ञानिकाचे किंवा अभियंत्याचे नाव आणि सही लागते. महत्त्वाच्या साठ्यांच्या बाबतीत तो माणूस कंपनीपासून स्वतंत्र असावा लागतो. त्याने जागेवर जाऊन यावे लागते, नमुने कसे घेतले, कुठे ठेवले, कोणाच्या ताब्यात होते हे लिहावे लागते आणि आकडे स्वतः कसे पडताळले तेही सांगावे लागते. आज कॅनडातल्या कोणत्याही ज्युनियर कंपनीचा तांत्रिक अहवाल उघडला तर मधल्या कुठल्या तरी रुक्ष प्रकरणात गाभा करवतीने उभा चिरला, अर्धा प्रयोगशाळेत पाठवला आणि अर्धा पेटीत ठेवला, असे एखादे वाक्य सापडते. वाचणारे बहुधा ते ओलांडून थेट टनाच्या आकड्याकडे जातात.